झाडाच्या उवा की सालकिडे? नाव देण्याआधी नीट बघूया



पोळा होऊन आठवडा झाला होता. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. मधल्या सुट्टीत सहावीची चार-पाच पोरं धावत वर्गात आली. "मॅडम, झाडाले उवा झाल्या जी!"

आमच्या शाळेमागे ऐनाचं जुनं झाड आहे. गडचिरोलीच्या आमच्या भागात त्याला येन म्हणतात. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल तुम्ही पाहिली असेलच. पावसाळ्यात या सालीवर हिरवट-राखाडी थर चढतात. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्याच गणगोतातले हे थर. त्या सालीवर, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, शंभरेक बारके किडे एकमेकांना खेटून बसले होते. एका पोराने गवताची काडी लावली तसा सगळा घोळका फुटला, आणि थोड्या वेळाने परत एका जागी गोळा झाला.

इथवर ठीक होतं. पण त्या झाडाखाली रोज खिचडीचं ताट घेऊन बसणारी एक मुलगी आहे. पोरांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "हिच्याच डोक्यातल्या उवा झाडावर चढल्या." त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही.

आणि मी काय केलं? मी लांबूनच बघून सांगितलं, "उवा नाहीत रे, मावा असेल. पावडर टाकून घेऊ." म्हणजे पोरांनी न बघता एक नाव दिलं आणि मी न बघता दुसरं दिलं. फरक इतकाच, की मी शिक्षिका असल्यामुळे माझं नाव खरं मानलं गेलं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. ते कोसा पाळतात. आरमोरीच्या बाजूला कितीतरी घरं टसर रेशमाच्या या धंद्यावर चालतात. कोशाच्या अळ्या ऐनाचा आणि अर्जुनाचा पाला खातात. ते म्हणाले, "मॅडम, असेच किडे आमच्या येनावरही दिसते. तुम्ही पावडर टाकाले सांगितलं म्हणे. टाकू का?"

तेव्हा मात्र घाम फुटला. अळ्या झाडावर चढलेल्या, आणि माझ्या एका शब्दावर त्या झाडांवर कीडनाशक पडणार! "दोन दिवस थांबा दादा, मी बघून सांगते," असं म्हटलं, आणि भिंग घेऊन झाडाकडे गेले. या लेखात आहे ते त्या बघण्यातून आणि नंतरच्या वाचनातून जमलेलं. तुमच्या वर्गात जसंच्या तसं वापरता येईल.

हे किडे आहेत तरी कोण?

इंग्रजीत यांना 'बार्कलाऊस' म्हणतात, म्हणजे शब्दशः सालीवरची ऊ. मराठीत यांना सर्वांच्या तोंडी असलेलं नाव नाही. मी वर्गात 'सालकिडे' हा शब्द वापरते, तोच इथेही वापरते. शास्त्रात यांच्या गटाला पूर्वी 'सोकॉप्टेरा' म्हणत. घासून, कुरतडून खाणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. नाव अगदी चपखल आहे, ते पुढे कळेलच.

जगभरात यांच्या साडेपाच-सहा हजार जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळ उष्ण प्रदेशातल्या. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत यांना हवं ते सगळं आहे. साग, ऐन, मोह, धावडा यांची खडबडीत साल, चार महिने पाऊस, आणि सालीवर वाढणारी शेवाळं, बुरशी आणि दगडफूल.

आधी डोकं बघा

सालकिड्याची लांबी बहुधा १ ते १० मिलिमीटरच्या आत असते. आमच्या ऐनावरचे पंखांसकट ५ मिलिमीटरच्या आसपास होते, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं की काम भागतं. मोबाईलला लावायची चिमट्याची लेन्स मिळाली तर आणखी छान, कारण फोटो सगळ्या वर्गाला दाखवता येतो.

भिंगातून पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे डोकं. अंगाच्या मानाने ते बरंच मोठं असतं आणि सहज इकडेतिकडे वळतं. दोन्ही बाजूंना फुगीर संयुक्त डोळे. पंख असलेल्या किड्याच्या माथ्यावर दोन डोळ्यांच्या मधे आणखी तीन बारीक साधे डोळे, एकमेकांजवळ.

आता डोळ्यांच्या खाली, तोंडाच्या वर बघा. तिथे एक गोल फुगवटा दिसेल, जणू टेंगूळ आलंय! हीच सालकिड्याची सगळ्यात मोठी खूण. बऱ्याच जातींत त्यावर बारीक तपकिरी रेघाही असतात. मुलांना मी सांगते, "नाक फुगलेला किडा शोधा." नाक नव्हे ते, पण मुलांच्या लक्षात राहतं.

हा फुगवटा रिकामा नसतो. आत जाड स्नायू असतात आणि ते तोंडातल्या एका छोट्या पंपाला ओढतात. पुष्कळ सालकिडे या पंपाच्या आणि तोंडातल्या खास भागांच्या मदतीने दमट हवेतली वाफ टिपून शरीरात घेतात. आपण घागर घेऊन पाण्याला जातो, हा किडा बसल्या जागी हवेतूनच पाणी पितो. सालीवर पाण्याचा थेंब नसला तरी हवा पुरेशी दमट असली की त्याचं भागतं.

डोक्याला दोन मिशा म्हणजे शृंगिका. त्या लांब आणि दोऱ्यासारख्या बारीक असतात. झाडावर राहणाऱ्या बहुतेक सालकिड्यांच्या शृंगिकेला १३ खंड असतात, इतर काही गटांत १५, तर काहींत २० हून जास्त. खंड मोजायला सूक्ष्मदर्शक लागेल, पण "लांब दोरा की आखूड काडी" एवढं भिंगातून सहज कळतं.

मग तोंड

तोंड चावून खाणारं आहे, सोंड खुपसून रस पिणारं नाही. हा मुद्दा मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण पुढचा सगळा निकाल इथेच लागतो.

दोन मजबूत जबडे असतात. त्यांच्या मागे छिन्नीसारख्या दोन बारीक काड्या असतात, टोकाला दातेरी. किडा या काड्या सालीवर टेकवतो, डोक्याला आधार घेतो आणि जबड्यांनी सालीवरचा थर खरवडतो. उलथन्याने तव्याला चिकटलेलं खरवडताना आपण दुसऱ्या हाताने तवा घट्ट धरतो ना, तसंच. अशी सुटी, छिन्नीसारखी काडी हे या गटाचं खास लक्षण आहे.

खरवडतो काय? शेवाळ, बुरशी, दगडफूल, मेलेल्या सालीचे कण. जिवंत पान नाही, कोंब नाही, झाडाचा रसही नाही. म्हणजे झाडाला इजा होत नाही. घरातल्या मळलेल्या भांड्याला घासणी जे करते ते हा किडा झाडाच्या सालीवर करतो.

खालच्या ओठाजवळच्या ग्रंथीतून हे किडे रेशमाचा बारीक धागाही काढतात. काही जाती फक्त आपली अंडी झाकण्यापुरता, तर काही गटांतले किडे अख्ख्या खोडावर पातळ, तलम पडदा विणतात आणि त्याखाली कळपाने राहतात. टसरच्या मुलखात ही गोष्ट मुलांना फार आवडते. कोशाची अळीसुद्धा तोंडाजवळच्या ग्रंथीतूनच धागा काढते. मात्र हे दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. धागा काढण्याची कला कीटकांत वेगवेगळ्या गटांनी आपापली मिळवली आहे.

छाती, पंख, पाय, पोट

डोक्याच्या मागचा छातीचा पहिला भाग इतका लहान असतो की मानेसारखा वाटतो. त्यामागचा भाग फुगीर, म्हणून बाजूने बघितलं तर किडा पोक काढल्यासारखा दिसतो.

पूर्ण वाढलेल्या किड्याला बहुधा चार पंख असतात. पुढचे दोन मोठे, मागचे दोन लहान. बसल्यावर ते पाठीवर सपाट पडत नाहीत, कौलारू घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते राहतात. पंख पारदर्शक, त्यांवर मोजक्याच शिरा, आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला, टोकाच्या अलीकडे, एक गडद जाडसर ठिपका. बऱ्याच उष्णकटिबंधीय जातींत पंखांवर तपकिरी डाग असतात. ते सालीच्या रंगात असे मिसळतात की किडा हलल्याशिवाय दिसत नाही. काही जातींत पंख आखूड असतात आणि काहींत मुळीच नसतात. म्हणून "पंख नाहीत म्हणजे सालकिडा नाही" असं म्हणू नका.

पाय सहा, बारीक, पळायला सोयीचे. पायाच्या टोकाचा भाग दोन किंवा तीन खंडांचा असतो. पोट मऊ, नऊ खंड दिसणारं. पोटाच्या टोकाला झुरळासारखे दोन काटे नसतात. मागच्या पायांच्या बुडाशी, आतल्या बाजूला, पुष्कळ जातींत एक बारीक खरखरीत जागा आणि शेजारी ताणलेला पडदा असतो. याने आवाज काढत असावेत, असं अभ्यासक मानतात.

पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात, फक्त पंख नसतात. वाढताना बहुधा सहा टप्पे होतात आणि शेवटच्या टप्प्यांत पंखांची छोटी टोकं दिसू लागतात. यांच्यात अळी नाही, कोष नाही. पाठ्यपुस्तकातलं 'अपूर्ण रूपांतरण' शिकवायला आपण नेहमी झुरळ आणि नाकतोडा घेतो. एका घोळक्यात सगळ्या वयाचे नमुने एकत्र दाखवणारा हा किडा त्यासाठी जास्त सोयीचा आहे. काही जातींची पिल्लं अंगावरच्या चिकट केसांना सालीचा भुगा लावून घेतात. मग ती किडा वाटतच नाहीत, चालता कचरा वाटतात!

हा नाही, तो नाही: ओळखीची तुलना

वर्गात मी पाच प्रश्नांची ओळ लावते. प्रत्येक प्रश्नाला एक नाव गळतं.

१. मावा आहे का? माव्याला रस प्यायची सोंड असते. पोटाच्या मागच्या बाजूला बहुधा दोन बारीक नळ्या दिसतात. तो कोवळ्या शेंड्यावर आणि पानांखाली असतो, जुन्या खोडावर दगडफुलाच्या थरात नाही. मी इथेच चुकले होते. झाडाची जागा बघितली असती तरी चूक टळली असती.

२. वाळवी आहे का? पंखवाल्या वाळवीचे चारही पंख सारखे लांब असतात आणि ती ते पाठीवर सपाट ठेवते. तिच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. वाळवी खोडावर मातीच्या नळ्या बांधते. सालकिडा माती वापरत नाही.

३. साल खाणारी अळी आहे का? आंबा, पेरू, संत्रा यांच्या खोडावर भुसा आणि विष्ठा रेशमात गुंफलेल्या काळपट पट्ट्या दिसतात, आत भोक असतं. ती खरी कीड, झाडाला नुकसान करते. सालकिड्याचा पडदा स्वच्छ, तलम असतो आणि त्याखाली झाडाला भोक नसतं.

४. झाडावरचे उडी मारणारे बारके किडे आहेत का? तुडतुडे आणि त्यांच्या नात्यातले काही किडेही पंख छपरासारखे ठेवतात. पण त्यांनाही सोंड असते, आणि काडी लावली की ते टुणकन उडतात. सालकिडे शक्यतो पळतात, घोळक्याने.

५. डोक्यातली ऊ आहे का? उवेला पंख कधीच नसतात. मिशा आखूड, पाच खंडांच्या. प्रत्येक पायाला केस पकडायला एकच वाकडी नखी. सालीवर तिला पकडायला काहीच नाही आणि प्यायला रक्तही नाही. माणसाच्या डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. ती झाडावर चढून शंभराचा कुटुंबकबिला वाढवूच शकत नाही.

पाचव्या प्रश्नाला वर्ग शांत झाला. ज्याने बोट दाखवलं होतं त्या पोराने स्वतः भिंगातून मिशा बघितल्या आणि म्हणाला, "हे तं लांब हायेत." मी आणखी काही बोलले नाही.

जात कोणती? इथे थांबायला शिका

फोटो काढला की आपल्याला लगेच पूर्ण नाव हवं असतं. मोबाईलवरचं ॲप एखादं नाव देतंही. पण सालकिड्यांच्या बाबतीत सावध राहा.

भिंग आणि चांगल्या फोटोवरून कुळापर्यंत पोहोचता येतं, तेही काळजीने. आमच्या ऐनावरचे किडे 'सोसिडी' या कुळातले असावेत असं मला वाटतं. का, ते सांगते. पंखांवर केस नव्हते. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ शिरांची एक छोटी कमान असते, ती वरच्या शिरेला जोडलेली दिसत होती. पण 'मायोप्सोसिडी' नावाचं दुसरं कूळ अगदी असंच दिसतं, पंखांवर ठिपके असलेलं. दोघांतला फरक पायात आहे. सोसिडीच्या पायाच्या टोकाला दोन खंड, मायोप्सोसिडीच्या तीन. माझ्या भिंगातून दोन दिसले, म्हणून सोसिडी म्हटलं. हे मोजतानाही काळजी हवी, कारण पिल्लांना नेहमी दोनच खंड असतात. म्हणून पंखवाला, पूर्ण वाढलेलाच किडा बघायचा.

जातीचं नाव ठरवायला मात्र नर-मादीच्या पोटाच्या टोकाचे बारीक भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. रंग आणि डाग एकाच जातीत बदलतात, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून माझ्या वहीत नोंद अशी आहे: "सालकिडा, बहुधा सोसिडी कूळ, जात ठरवली नाही." मुलांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे उत्तर अर्धंच?" मी म्हटलं, "जेवढं बघितलं तेवढंच लिहिलं. हे पूर्ण उत्तर आहे." परीक्षेत एका शब्दात उत्तर लिहायची सवय लागलेल्या मुलांना ही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते.

शाळेच्या कपाटातला नातेवाईक

सालकिड्यांचा एक नातेवाईक तुमच्या-माझ्या शाळेतच असतो. दमट कपाटातली जुनी पुस्तकं उघडा किंवा पावसाळ्यात बरेच दिवस पडून राहिलेलं तांदळाचं पोतं बघा. पिवळट-तपकिरी, बिनपंखी, जेमतेम १ मिलिमीटरचे ठिपके पळताना दिसतात. अंग चपटं, मागच्या पायांच्या मांड्या बेडकासारख्या जाड. हा 'लिपोसेलिस' गटातला किडा. त्यातली जगभर पसरलेली जात म्हणजे 'लिपोसेलिस बोस्ट्रिकोफिला'. बादोनेल या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ मध्ये तिचं वर्णन केलं. या जातीत जवळजवळ सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय त्यांची अंडी वाढतात. म्हणून एखादी मादी पोत्यात शिरली तरी कळप तयार होतो.

हिला कसर समजू नका. कसर चंदेरी, लांबट, शेपटीला तीन धागे असलेली आणि बरीच मोठी असते, ती कागद आणि खळ खाते. हा बारका किडा मुख्यतः पानांवरची बुरशी खातो. तो दिसला याचा अर्थ कपाट दमट आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली की तो सुकून मरतो, कारण मग त्याला हवेतून पाणी घेता येत नाही. त्यामुळे उपाय सोपा आहे. पुस्तकं आणि धान्य कडक ऊन देऊन कोरडं करा, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणारं आपलं ऊन यासाठी पुरेसं आहे. तांदळावर विषारी पावडर टाकायची गरज नाही, तो तांदूळ मुलं खाणार आहेत.

आणि आता पोरांची बाजू

एक गोष्ट मला वाचताना कळली आणि ती मी वर्गात प्रामाणिकपणे सांगितली. पोरं अगदीच चुकली नव्हती!

पूर्वी शास्त्रज्ञ सालकिडे आणि उवा यांना दोन वेगळ्या गणांत ठेवत. या शतकात डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की माणसाच्या आणि पशुपक्ष्यांच्या अंगावरच्या उवा या सालकिड्यांच्याच वंशातून निघाल्या आहेत. त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे वर सांगितलेले पुस्तकातले लिपोसेलिस आणि त्यांची भावंडं. म्हणून आता सगळे मिळून 'सोकोडिया' हा एकच गण मानतात. त्यात सुमारे ११ हजार जाती आहेत आणि निम्म्याच्या आसपास परजीवी उवा.

हे कसं घडलं असेल, याचा तर्क मुलांना करायला द्या. सालकिड्यांचे काही जुने भाईबंद पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या घरट्यात, बिळात राहत असतील. तिथे बुरशी, पिसांचा आणि कातडीचा भुगा आयता मिळतो. तिथून अंगावर चढणं फार लांब नाही. मग पंख गेले, मिशा आखूड झाल्या, डोळे लहान झाले, नख्या वाकल्या.

म्हणजे "झाडाच्या उवा" या नावात नात्याचं सत्य होतं, खोटा होता तो आरोप. नातं आहे म्हणून झाडावरचा किडा डोक्यात जात नाही आणि डोक्यातला झाडावर येत नाही. वाघ आणि मांजर एकाच कुळातले, म्हणून मांजर म्हैस मारत नाही.

पालकांसाठी इथेच एक गोष्ट. डोक्यातल्या उवा डोक्याला डोकं लागून पसरतात, रोज न्हाणाऱ्या मुलांनाही होतात. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवणं, घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी तपासणं, गरज वाटल्यास आरोग्य केंद्रात विचारणं, एवढंच करायचं असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि शिक्षकांनो, वर्गासमोर कोणाचं डोकं तपासू नका.

वर्गात करून बघा: सालीची खिडकी

साहित्य: पुठ्ठा, सुतळी, भिंग, वही.

- पुठ्ठ्यात १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापा. ही चौकट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर झाडाला सुतळीने बांधा.
- जुलै ते फेब्रुवारी, दर आठवड्याला त्याच वेळी बघा. चौकटीत किती किडे, किती पंखवाले, किती पिल्लं, दगडफूल किती भागात, साल ओली की कोरडी, हे लिहा.
- एक चौकट रस्त्याकडेच्या झाडाला आणि एक जंगलाच्या कडेच्या झाडाला बांधा. चंद्रपूर शहरातल्या शाळांनी हे जरूर करावं. दगडफूल दूषित हवेला नाजूक असतं, आणि सालीवरचं खाद्य बदललं की त्यावर जगणारे बदलतात. इंग्लंडच्या कारखानदारी भागात सालकिड्यांच्या एका जातीत गडद रूपाचे किडे जास्त आढळले होते, काळवंडलेल्या सालीवर ते लपून राहतात. आपल्याकडे काय दिसतं, ते मुलांनी मोजावं.
- घोळक्याजवळ दुसरे कोण येतं तेही लिहा. कोळी, मुंग्या, सालीत चोच घालणारे पक्षी. सालकिडे बुरशी आणि शेवाळाचं अन्नात रूपांतर करतात आणि बाकीचे त्यावर जगतात. अन्नसाखळी पुस्तकातल्या गवत-हरिण-वाघापासूनच सुरू होते असं नाही.

सूचना: सालीच्या भेगेत बोट घालू देऊ नका, विंचू असू शकतो. केसाळ अळीला हात लावू देऊ नका. किडे पकडू नका, बघून सोडा. ताडोबासारख्या संरक्षित जंगलात तर परवानगीशिवाय काहीही गोळा करणं कायद्याने मना आहे.

त्या दादांना काय सांगितलं

दोन दिवसांनी मी त्यांना शाळेत बोलावलं आणि झाडाजवळ नेऊन भिंग हातात दिलं. "हे पाला खात नाहीत, रस पीत नाहीत. सालीवरची बुरशी खातात. तुमच्या अळ्यांचं काही घेत नाहीत. पावडर टाकली तर हे मरतील आणि कोशाच्या अळ्याही मरतील. मी आधी न बघता बोलले, ते चुकलं माझं."

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "आमी लहानपणापासून बघतो जी यायले. पण तोंड कधी नाही बघितलं."

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली. चौकटीतले किडे मोजायचं काम मी तिलाच द्यावं असं मनात होतं, पण दिलं नाही. पुन्हा तिचंच नाव किड्यांशी जोडलं गेलं असतं. वर्गाच्या चार गट केले, पाळ्या लावल्या. तिची पाळी आली तेव्हा तिने ६३ मोजले आणि शेजारी लिहिलं, "पंखवाले ११, बाकी पिल्लं." तिच्या गटातल्या दोघांनी पुन्हा मोजून बघितलं. बरोबर होतं.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. रस पिणारा किडा आणि खरवडून खाणारा किडा, दोघांचं तोंड वेगळं का?
२. सालकिडा पाणी कुठून मिळवतो? उन्हाळ्यात त्याचं काय होत असेल?
३. फक्त फोटोवरून जात का ठरवता येत नाही?
४. तुमच्या बोलीत, गोंडीत किंवा माडियात या किड्याला नाव आहे का? घरच्या मोठ्यांना विचारून या.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं आली तर मलाही जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी एखादं पोर "मॅडम, हे काय आहे?" म्हणून धावत आलं, तर नाव सांगण्याआधी त्याच्यासोबत जाऊन बघा.